परग्रहाचा अग्नी आणि पंचगंगेचे आबा

काशीत शूटिंगला येणारा प्रत्येक दिग्दर्शक गंगेवरचा सूर्यास्त मागतो. आता आमचे घाट सगळे पूर्वेकडे तोंड करून बसलेले. सूर्य पाण्यावर उगवतो आणि मावळतो तो गल्ल्यांच्या मागे, कुणाच्या तरी गच्चीवरच्या वाळवणाआड. हे मी प्रत्येकाला सांगायचो आणि प्रत्येकाचा चेहरा पडायचा. एकाने मात्र हार मानली नाही. त्याने सूर्योदयच चित्रित केला आणि फिल्म उलटी चालवली. सिनेमात सूर्य झोकात मावळला, फक्त पाखरं शेपटीकडून उडत होती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि माझी बिदागी मला मिळाली.

माझं काम असं होतं. मुंबईची युनिटं यायची, त्यांना जागा दाखवायच्या, परवाने काढायचे, नावाड्यांशी बोलायचं, जनरेटर कुठे लावला तर देवळातल्या आरतीला अडचण होणार नाही ते बघायचं, आणि चौकटीत शिरलेली गाय गोडीगुलाबीने बाहेर काढायची. काशीत कुणाला ‘थांबा’ म्हणायचं नाही, ‘जरा हळू’ म्हणायचं. एवढं कळलं की अर्धं काम झालं. वडील वैदिक, गल्लीत मानाचे, आणि मी हा असा. शेजारच्या गल्लीतले आबा मला बघितलं की विचारायचे, “काय दिनू, आज कुठली गंगा विकलीस?”

या आबांचीच गोष्ट सांगायची आहे. पण ते या गोष्टीत शिरले एका परग्रहावरून, म्हणून आधी परग्रह.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. घरोघरी केबल आलेली, वाहिन्यांना रोज काहीतरी नवं हवं असायचं. अशात मुंबईहून एक युनिट आलं, विज्ञानकथेची मालिका करायला. मला आधी वाटलं, पत्ता चुकला. पण दिग्दर्शकाला हवी होती ती गंगेपलीकडची रेती. थंडीत पाणी उतरलं की पलीकडे मैलभर वाळू उघडी पडते, झाड नाही, घर नाही. तो म्हणाला, हाच माझा ग्रह. आणि ग्रहावरचं मंदिर म्हणून त्याला पंचगंगा घाटावरच्या पाण्यालगतच्या दगडी खोल्या पसंत पडल्या. पावसाळ्यात त्या बुडतात, एरवी अंधाऱ्या, थंड असतात.

परवान्यासाठी पोलिसांकडे कथेचा सारांश द्यावा लागे. मी हिंदीत लिहून नेला. पृथ्वी सोडून गेलेली माणसं एका दूरच्या ग्रहावर राहतात. जाताना त्यांनी यानातून एक ज्योत नेली आणि तिचं मंदिर बांधलं. आता त्या बंदिस्त वस्तीतली हवा संपत चालली आहे आणि ज्योत ती हवा खाते आहे. एक पंथ म्हणतो, ज्योत विझली की आपण संपलो. दुसरा म्हणतो, विझली नाही तर संपलो. वस्तीचा कारभारी दोन्ही पंथांना आळीपाळीने भडकवतो, म्हणजे त्याच्या खुर्चीकडे कुणी बघत नाही. आणि सगळा भार येतो तो ज्योतीच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यावर. जन्मभर जपलेली ज्योत त्याने स्वतः विझवायची, आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या शिव्या खायच्या.

धर्माच्या बाबतीत ते दिवस नाजूक होते. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “यह कौन-सा धरम है?” मी म्हटलं, साहेब, कुठलाच नाही, दुसऱ्या ग्रहावरचा आहे. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, “वहाँ भी?” आणि सही केली.

साहेबांना जे वाटलं ते खोटं नव्हतं. पंथांच्या गर्दीसाठी मी माणसं आणली होती. निळ्या झग्यांत मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, वस्तीतले तरुण, राखी झग्यांत एका पाठशाळेचे विद्यार्थी. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांच्या झग्यांना हसत होते. दोन-चार दिवसांत निळे आणि राखी वेगवेगळे जेवायला बसू लागले. मग पायऱ्यांवर वर कोणी उभं राहायचं यावरून बोलाचाली झाली. एक निळा मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाला की भैया, आमचंच बरोबर आहे, ज्योत विझवायलाच पाहिजे. या धर्माला जन्मून अजून आठवडा झाला नव्हता. मी दिग्दर्शकाला सांगून सगळ्यांचे झगे अदलाबदल केले, तेव्हा शांतता झाली.

मालिकेच्या लेखिका शैलजाजी लखनौच्या. आधी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या, नोकरी सोडून लिहायला लागलेल्या. हुशार बाई आणि अडेल. त्यांना एक गोष्ट खात होती. यानात एवढा प्रवास, तिथे उघडी ज्योत ठेवणं शक्य नाही. मग ज्योत नेली कशी? बघणाऱ्यांना चालून गेलं असतं, त्यांना चालत नव्हतं. मी सहज म्हणालो, आमच्या गल्लीत एक जण आहेत, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अग्नी ठेवतात, त्यांना विचारू.

आबा अग्निहोत्री होते. हे त्यांचं आडनाव नव्हतं, व्रत होतं. लग्नानंतर नवराबायकोने मिळून अग्नीची स्थापना करायची आणि मग तो विझू द्यायचा नाही. रोज सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला दुधाची आहुती. अग्नी एकट्याचा नसतो, जोडप्याचा असतो, बायको नसेल तर नवऱ्याला तो ठेवता येत नाही. अशी घरं काशीत आमच्या मराठी मंडळींत पूर्वी बरीच होती, तेव्हा अगदी थोडी उरलेली. गल्लीतल्या वैदिकांची एक सभा होती, ती आबांच्या घरी गोवऱ्या आणि दूध पोचवायची. महाराष्ट्रातून यात्रेकरू आले की सभेचे कारभारी वामनराव त्यांना अभिमानाने आबांच्या अग्नीचं दर्शन घडवायचे.

अग्नीची खोली तळमजल्यावर, एकच खिडकी, तीही गल्लीत उघडणारी. भिंती काजळून गेलेल्या. आणि त्या धुरात माई. आबांच्या बायकोला दम्याने धरलं त्याला बरीच वर्षं झाली होती. त्या बोलायच्या ते तुकड्यातुकड्यांनी. “दिनू... बस रे... चहा... टाकते.” डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की धूर सुटला नाही तर पुढची थंडी यांना काढवणार नाही. वामनरावांचं म्हणणं, माईंना मुलीकडे नाशिकला धाडा, अग्नी आम्ही सांभाळून घेऊ, शास्त्रात काहीतरी वाट निघेल. आबा म्हणत, जोडप्यातलं एक कायमचं गेलं की अग्नी राहिला कुठे? आणि माई तर हलायलाच तयार नव्हत्या. माझ्यापायी अग्नी गेला असं व्हायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. गल्लीला हे सगळं ठाऊक होतं, पण माईंपुढे कुणी विषय काढत नव्हतं.

शैलजाजींचा प्रश्न ऐकून आबांचे डोळे चमकले. माणूस मोठा चौकस. रेडिओवरच्या बातम्यांतला उपग्रह आता नेमका कुठे असेल, हेही ते मला विचारायचे. म्हणाले, यात कठीण काय आहे? आम्ही यात्रेला जातो तेव्हा काय निखारे डोक्यावर घेऊन जातो? अग्नीवर तळवे धरायचे, मंत्र म्हणायचा आणि तो श्वासाबरोबर आत घ्यायचा. बायकोने नवऱ्याला हात लावून उभं राहायचं. मग बाहेरचा अग्नी शांत झाला तरी चालतो, तो आपल्यात असतो. मुक्कामाला पोचलं की लाकडावर लाकूड घुसळून त्यात तो पुन्हा उतरवायचा. मात्र आहुतीच्या वेळेआत उतरवला पाहिजे, नाहीतर गेला.

शैलजाजी ऐकतच राहिल्या. माणसाच्या आत बसून अग्नी प्रवास करतो, हे त्यांना फार आवडलं. मग त्यांनी आबांना मालिकेची पूर्ण गोष्ट सांगितली आणि आबा लहान मुलासारखे “पुढे? पुढे?” करत राहिले.

दुसऱ्याच दिवशी आमचा पुजारी पळाला. मुंबईचा नावाजलेला नट, त्याला दुसरीकडच्या तारखा आठवल्या. दिग्दर्शक डोकं धरून बसला. आबांना त्याने आदल्या दिवशी घाटावर ओझरतं पाहिलं होतं. मला म्हणाला, त्यांनाच आण. मी म्हटलं, वेडे झालात का, अग्निहोत्री माणूस कॅमेऱ्यापुढे? तरी शब्द टाकला. आबा हो म्हणाले. दोन अटी घातल्या. सूर्यास्ताआधी घरी सोडायचं, आणि अग्नीवर पाणी ओतणार नाही, मग तो गॅसचा का असेना. हो म्हणण्यामागचं कारण मी विचारलं तेव्हा म्हणाले, “अरे, त्या पुजाऱ्याला ते कसं जमतं ते जरा आतून बघू दे ना.”

संवाद वाचल्यावर मात्र ते अडून बसले. शैलजाजींचा पुजारी एकटा होता. एकटाच विचार करतो, एकटाच ठरवतो, एकटाच ज्योत विझवतो. आबा म्हणाले, हे बिलकुल गलत आहे, ज्याचा अग्नी एकट्याचा नाही त्याला तो एकट्याने विझवता येत नाही. त्याची बायको कुठे आहे? शैलजाजींनी आधी वाद घातला, मग रात्रीतून एक म्हातारी बायको लिहून आणली. ती नवऱ्याला म्हणते, विझवा. आबांनी तेही वाचलं आणि मान हलवली. ती असं म्हणणार नाही, म्हणाले. मग काय म्हणेल, असं शैलजाजींनी विचारलं. आबा म्हणाले, मला मालूम नाही, जिला मालूम असेल तिला विचारा.

म्हणून शैलजाजी माईंकडे आल्या. मी दुभाषा. माईंना हिंदी उत्तम यायची, पण असलं काही बोलायचं तर त्यांना मराठी लागायची. आबा अग्नीच्या खोलीत गोवऱ्या रचत होते, दार उघडं होतं.

शैलजाजींनी विचारलं, त्या ग्रहावर तुम्ही असता आणि सगळ्या लोकांच्या श्वासाचा प्रश्न असता, तर विझवू दिला असता का?

“लोकांसाठी?” माई म्हणाल्या. “लगेच.”

मग शैलजाजींनी पुढचा प्रश्न विचारला. आमच्या गल्लीतल्या कुणाचीच तो विचारायची छाती झाली नव्हती. बाहेरच्या माणसाचं हे एक बरं असतं. त्यांनी विचारलं, आणि एकाच माणसाच्या श्वासाचा प्रश्न असता तर?

माईंनी बराच वेळ दम गोळा केला. “एकासाठी... नाही. एकासाठी केलं... की तो मोह. लोकांसाठी... तो धर्म.”

आतला गोवऱ्यांचा आवाज थांबला होता. मी मान वळवून बघितलं नाही. शैलजाजींनी हे सगळं म्हातारीच्या तोंडी जसंच्या तसं घातलं, फक्त दम लागणं गाळलं.

शूटिंगच्या दिवशी पंचगंगेच्या त्या दगडी खोलीत आम्ही जेमतेम मावत होतो. दगडी कुंडात गॅसची ज्योत, तिचा नळ खाली एका तंत्रज्ञाच्या हातात. म्हातारीचं काम करायला शहरातल्या हिंदी रंगभूमीवरच्या एक बाई होत्या. आबा राखी झग्यात पुढे आले. त्यांनी तळवे ज्योतीवर धरले, तोंडाजवळ नेले आणि श्वास आत ओढला. पुन्हा धरले, पुन्हा ओढला. बाईंचा हात त्यांच्या खांद्यावर होता. तिसऱ्या श्वासाला ज्योत विझायची होती, पण नळावरचा माणूस बघत बसला आणि नळ फिरवायचा विसरला. आबा श्वास रोखून डोळे मिटून उभे, समोर ज्योत जळतेच आहे. कुणी ‘कट’ म्हणेना. शेवटी आबाच डोळे उघडून म्हणाले, “विझली नाही का? चला, पुन्हा घेऊ.”

दुसऱ्या टेकला सगळं जमलं. अंधार झाला तेव्हा त्या खोलीत कोणीतरी हुंदका दिला. मागून कळलं, दिग्दर्शकच होता. आबांना घरी नेताना मी काळजीने विचारलं, काही दोष तर नाही ना लागणार? ते म्हणाले, मंत्र कुठे म्हटला? नुसता सराव केला. मला वाटलं, थट्टा करताहेत.

बातमी गल्लीत आमच्याआधी पोचली होती. अग्निहोत्र्याने कॅमेऱ्यापुढे अग्नी विझवला म्हणून सभा बसली. वामनराव वाईट माणूस नव्हते हे मला आवर्जून सांगायचं आहे. नाहीशा होत चाललेल्या गोष्टीवर ते जीव लावून बसले होते. त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं आणि पुढे म्हणाले की आबा, तुमचा अग्नी तुमच्या एकट्याचा नाही, तो आता सगळ्या लोकांचा आहे.

आबा त्या वाक्याचीच वाट बघत असावेत. उठून उभे राहिले.

“लोक म्हणजे कोण, वामनराव? लोक काय थव्याने श्वास घेतात? एकेक करूनच घेतात ना? मग मी मोजायला घरापासून सुरुवात करतो.”

 वामनराव खाली बघत होते. आबांनी सगळ्यांना नमस्कार केला, प्रायश्चित्त मान्य केलं आणि सांगितलं की आम्ही दोघं यात्रेला निघतोय, नाशिक-त्र्यंबकला. अग्नी बरोबर नेतो.

तिकिटं मीच काढली, थेट नाशिकची, दुसऱ्या दिवशी पोचणारी. निघायच्या सकाळी मी सामान घ्यायला गेलो तेव्हा सकाळची आहुती झाली होती. माईंनी मला दाराशीच थांबवलं, पण मला सगळं दिसत होतं. आबांनी तळवे अग्नीवर धरले. माईंचा हात मात्र खाली होता.

“संध्याकाळी... वाटेत... उतरवाल ना?” त्यांनी विचारलं.

 तळवे तसेच धरून आबा वाट बघत राहिले, चटका बसत असेल तरी. माईंना सगळं कळलं होतं, त्या मुळीच भोळ्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि धुराने की कशाने ते मी सांगू शकत नाही. मग त्यांनी हात उचलून नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. आबा मंत्र म्हणायला लागले. मी चप्पल काढून गल्लीतच उभा राहिलो. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

मालिका पुढल्या वर्षी लागली. आम्ही सगळे टीव्हीसमोर जमलो. निळे आणि राखी दोन्ही पंथ आपापले चेहरे शोधत होते. आबांचा प्रसंग आला आणि गेला. वाहिनीतल्या कुणीतरी भावना दुखावतील या भीतीने तो कापला होता. लांबून एक दार दिसलं, दाराआतला उजेड गेला, बस. तळवे नाहीत, श्वास नाही, म्हातारीचं बोलणं नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पुष्कळ चांगलं काम कात्रीखाली गेलेलं बघितलं, पण हळहळ लागून राहिली ती एवढीच. शैलजाजींनी त्यानंतर मालिका लिहिली नाही.

त्यानंतरच्या थंडीत एका कामासाठी मी मुंबईला गेलो आणि येताना वाट वाकडी करून नाशिकला उतरलो. मुलीचं घर गावाबाहेर, चहूकडे द्राक्षाचे मळे, धुराचा वास कुठेच नाही. दुपारभर गप्पा झाल्या. माईंनी काशीतल्या एकूण एक माणसाची चौकशी केली, वामनरावांचीही. मग शेजारची बाई आली आणि माई तिला मणिकर्णिकेपासून पंचगंगेपर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांची आणि माकडांची हकीकत सांगत सुटल्या. बाहेर ओसरीवर आम्हाला त्यांचा आवाज येत होता. वाक्यं लांबलचक, मध्ये कुठे थांबा नाही.

आबा ओसरीवर पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. ऊन उतरलं तसे ते सैरभैर झाले. पंचा खांद्यावरून काढला, पुन्हा टाकला. दोनदा उठले आणि बसले. सूर्य मळ्यांच्या कडेला टेकला तेव्हा त्यांचे तळवे आपोआप पुढे आले, आणि मग त्यांनी ते मांडीवर ठेवले.

मी विचारलं, आबा, कधी पश्चात्ताप होतो का?

त्यांनी आतल्या आवाजाकडे कान दिला. तो चालूच होता.

“नाही रे,” ते म्हणाले. “पण त्या ग्रहावरच्या म्हाताऱ्याचं बरं होतं. ज्योत विझली आणि भाग संपला. मला रोज संध्याकाळ होते.”